नारायणगावची चौगुले वायनरी : डोंगरउतारावरची बाग, फ्रेंच तंत्र आणि बागायतदारांसाठी धडा

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि जवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण डोळ्यांपुढे येते. जुन्नर तालुक्यातल्या याच गावच्या डोंगरउतारावर १९८० च्या दशकात एका मराठी उद्योजक कुटुंबाने वाईनची द्राक्षं लावली, डोंगराच्या कुशीत वायनरी उभी केली आणि इथली फसफसणारी वाईन इंग्लंडच्या बाजारात नेऊन विकली. पुढे पंचवीसेक वर्षांतच ही कंपनी कर्जात बुडाली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं.

आज खाण्याच्या द्राक्षाला अवकाळीचा फटका बसला की गावोगावी एक प्रश्न निघतोच, "वाईनची द्राक्षं लावली तर?" त्याचं उत्तर शोधताना नारायणगावची ही गोष्ट माहीत असावी. डोंगरावरची बाग कशी असते, वायनरीत काय चालतं, धंदा कुठे अडकतो आणि अडकला की पहिला फटका कोणाला बसतो, हे सगळं या एका उदाहरणात दिसतं.

थोडक्यात

- ठिकाण : नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे
- उंची : समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते ७५० मीटर
- संस्थापक : शामराव चौगुले
- कंपनीचं नाव : आधी शॅम्पेन इंडेज, २००८ च्या सुमारास इंडेज व्हिंटनर्स
- ओळख : फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग (फसफसणारी) वाईन
- शेवट : २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा कंपनी गुंडाळण्याचा आदेश

सुरुवात कशी झाली

शामराव चौगुले हे मुंबईतले उद्योजक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी फ्रान्समधल्या पायपर-हायडसिक या नामांकित शॅम्पेन कंपनीकडे तांत्रिक मदत मागितली. भारतात अशी वाईन होऊ शकते का, हे पाहण्यासाठी राफाएल ब्रिस्बुआ हे फ्रेंच वाईनतज्ज्ञ इकडे आले. जागांची पाहणी झाली आणि सह्याद्रीच्या पूर्व अंगाला असलेलं नारायणगाव ठरलं.

त्या काळात महाराष्ट्रात वाईनचं नावसुद्धा फारसं कोणी घेत नव्हतं. द्राक्ष म्हणजे खायचं किंवा बेदाण्याचं, एवढंच माहीत. चौगुलेंनी फ्रान्समधून शार्डोने, पिनो न्वार, उनी ब्लाँ अशा जातींची रोपं आणली. वायनरीसाठी डोंगराच्या उतारात बांधकाम केलं, टाक्या आणि यंत्रं बाहेरून मागवली. इथे तयार झालेली स्पार्कलिंग वाईन देशात 'मार्की द पॉम्पादूर' आणि परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. भारतातून आलेली फसफसणारी वाईन म्हणून इंग्लंडमध्ये तिची बरीच चर्चा झाली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 'शॅम्पेन' हे फ्रान्समधल्या एका भागाचं नाव आहे. त्या भागात पिकलेल्या द्राक्षाच्या आणि ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वाईनलाच ते नाव लावता येतं. बाकी जगाने त्याला 'स्पार्कलिंग वाईन' म्हणायचं. आपल्याकडे रत्नागिरी हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तसाच हा प्रकार. पुढे 'नाशिक व्हॅली वाईन' यालाही असंच मानांकन मिळालं.

डोंगरउतारच का निवडला

काळ्या, भारी जमिनीत वेल जोमाने वाढतो, पाला भरपूर येतो, घडही मोठे होतात. खाण्याच्या द्राक्षाला हे चालतं. वाईनच्या द्राक्षाला मात्र जास्त जोम अडचणीचा ठरतो. पाणी आणि खत मुबलक मिळालं की मण्यात पाणी भरतं आणि चव, रंग, वास पातळ होतो. म्हणून वाईनवाले हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन शोधतात. ती साहजिकच उतारावर सापडते.

उताराचे फायदे असे :

- निचरा. पावसाचं पाणी मुळाशी साचत नाही. ठिबकने हवं तेवढंच पाणी देता येतं, म्हणजे वेल शेतकऱ्याच्या ताब्यात राहतो.
- हवा खेळती. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकते. पानांवर ओल जास्त वेळ राहत नाही, त्यामुळे डाऊनीचा धोका काही प्रमाणात कमी होतो.
- सकाळचं ऊन. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर दव लवकर सुकतं आणि दुपारनंतरच्या कडक उन्हाचा तडाखा थोडा कमी लागतो.
- रात्रीचा गारवा. उंचीमुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार राहतात. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने मण्यातला आंबटपणा टिकतो. वाईनला दोन्ही लागतं.

तोटेही आहेत, ते लपवून चालत नाही. उतारावर ट्रॅक्टर आणि ब्लोअर चालवणं जोखमीचं असतं. पावसाळ्यात माती वाहून जाते. ओळी वरून खाली टाकल्या तर प्रत्येक ओळ म्हणजे एक ओढाच होतो. म्हणून ओळी समतल रेषेवर घ्याव्या लागतात, मध्ये गवत ठेवावं लागतं, चर काढावे लागतात. ठिबकला वरच्या आणि खालच्या वेलांना सारखं पाणी जावं म्हणून दाब सांभाळणाऱ्या नळ्या वापराव्या लागतात. खर्च सपाट रानापेक्षा जास्त येतो आणि उत्पादन कमी निघतं. ही तूट चांगल्या भावानेच भरून निघू शकते. भाव नसेल तर उतारावरची बाग परवडत नाही.

वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा वेगळं

जुन्नरचा शेतकरी काळ्या द्राक्षात मुरलेला. जम्बो, शरद सीडलेस हे त्याच्या हातातले माल. पण वाईनच्या घडाकडे पाहिलं तर "हे कोण खाणार?" असंच तो म्हणेल. मणी लहान, साल जाड, आत बी, रस कमी. सगळा जीव सालीत आणि चवीत असतो.

- खाण्याची द्राक्षं साधारण १६ ते १८ ब्रिक्स गोडीला तोडतात. वाईनसाठी २० ते २४ ब्रिक्सपर्यंत थांबावं लागतं. फसफसणाऱ्या वाईनसाठी मात्र आंबटपणा हवा म्हणून १७ ते १९ ब्रिक्सलाच तोडणी होते.
- खाण्याच्या द्राक्षाचं एकरी ८ ते १२ टन उत्पादन घेतात. चांगल्या वाईनसाठी ते ३ ते ६ टनांवर मुद्दाम रोखलं जातं.
- खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवण्यासाठी जीएच्या बुडवण्या आणि विरळणीला मजूर लागतात. वाईनच्या द्राक्षात ही कामं जवळपास नसतात, त्यामुळे मजुरी वाचते.
- खाण्याच्या द्राक्षाला मंडप किंवा वाय पद्धत असते. वाईनच्या बागेत बहुतेक ठिकाणी फुटवे उभ्या तारांमध्ये सरळ वर बांधतात. याला व्हीएसपी म्हणतात. घड खाली एका ओळीत लटकतात, ऊन आणि हवा सारखी मिळते.

शेवटचा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही जमला तर दुसरा मिळतो. निर्यात फिसकटली तर लोकल बाजार आहे. तोही पडला तर शेडवर नेऊन बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाला यातलं काहीच नाही. ते बाजार समितीत विकलं जात नाही, बेदाण्याला चालत नाही. घेणारी वायनरी एकच, आणि तिने नाही म्हटलं तर माल वेलावरच सुकतो.

बागेतलं वर्ष

आपल्याकडे वेल थंडीत पूर्ण झोपत नाही. त्यामुळे फ्रान्समध्ये वर्षातून एक छाटणी, तर महाराष्ट्रात दोन. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. त्यातून काडी तयार होते आणि पुढच्या घडाची बीजं डोळ्यांत बसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. तिथून पुढे फुटवा, फुलोरा, मणी धरणं आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात द्राक्षं ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे तोच काळ छाटणीचा.

फ्रेंच जातींचा वेल थेट आपल्या जमिनीत टिकत नाही. क्षार, चुनखडी, पाण्याची ओढ हे सहन करायला खालचा खुंट दुसरा लागतो. डॉगरिज, ११० आर असे खुंट लावून त्यावर कलम करतात. वाईनच्या द्राक्षाला जोम कमी ठेवायचा असल्याने ११० आर जास्त पसंत केला जातो.

रोगांच्या बाबतीत सूट नाही. फळ छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की डाऊनी, पुढे ढगाळ हवेत भुरी, नंतर मिलीबग. तोडणीच्या तोंडावर फवारणी केली तर औषधाचे अंश रसात उतरतात आणि आंबवणीच थांबू शकते. म्हणून शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे वायनरीच ठरवून देते.

तोडणी पहाटे चालते. उन्हात तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. डोक्याला बॅटरी बांधून मजूर पहाटे कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचतो. बाग आणि वायनरी जवळ असण्याचा फायदा इथे कळतो. नारायणगावची वायनरी बागेजवळच होती. लांबून ट्रकने आलेल्या मालाला ती सोय नाही.

वायनरीत काय होतं

साधं गणित असं. एक किलो द्राक्षातून साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर वाईन निघते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं.

पांढऱ्या वाईनसाठी द्राक्ष दाबून रस काढतात आणि साल बाजूला करतात. लाल वाईनसाठी साल, बी, रस सगळं एकत्र आंबवतात, कारण रंग सालीतच असतो. यीस्ट रसातली साखर खातं आणि त्याचं अल्कोहोल होतं. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला की साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल तयार होतं. ही क्रिया चालू असताना टाकी तापते. पांढऱ्या वाईनला १२ ते १८ अंश तापमान ठेवावं लागतं, म्हणून टाक्यांभोवती थंड पाणी फिरवतात. आपल्या हवेत याचा वीजखर्च मोठा.

फसफसणारी वाईन यापेक्षा किचकट. आधी साधी पांढरी वाईन करतात. मग ती बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट टाकून बूच बंद करतात. आता आंबवणी बाटलीच्या आतच होते. तयार झालेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब ५ ते ६ वातावरण इतका, म्हणजे चारचाकी गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीपेक्षा जास्त. बाटली कच्ची असेल तर फुटते. म्हणून या वाईनची बाटली जाड असते आणि बुचाला तार बांधलेली असते.

अशा बाटल्या कित्येक महिने गारव्यात आडव्या ठेवतात. मग रोज थोडं थोडं फिरवत उलट्या करतात, म्हणजे मेलेलं यीस्ट तोंडाशी जमतं. बाटलीची मान गोठवून तो गाळ बर्फाच्या गोळीसारखा उडवतात, कमी झालेली वाईन भरतात आणि कायमचं बूच लावतात. डोंगरात बांधलेल्या वायनरीचा फायदा इथेही असतो. जमिनीच्या पोटातली खोली उन्हाळ्यातही वरच्या शेडपेक्षा गार राहते.

या सगळ्यात शेतकऱ्याने ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. द्राक्ष येतं तीन महिन्यांत, पण वाईन विकून पैसा यायला एक, दोन, कधी तीन वर्षं लागतात. तोवर द्राक्षाचे, बाटलीचे, विजेचे, पगाराचे पैसे कर्जातून द्यावे लागतात. वायनरी म्हणजे सतत कर्जावर चालणारा धंदा. विक्री थोडी मंदावली तरी पैशाचं चाक अडकतं.

वाढ आणि सरकारी धोरण

१९९० च्या दशकात कंपनीने साध्या वाईनमध्येही जम बसवला. रिव्हिएरा, शँटिली अशा नावांनी तिची वाईन हॉटेलांत आणि दुकानांत दिसू लागली. कंपनी शेअर बाजारात आली. व्यवस्थापन मात्र घरातच राहिलं. शामरावांचे चिरंजीव रणजित चौगुले पुढे व्यवस्थापकीय संचालक झाले.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षापासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सोपे झाले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क झाले. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली होती. तिचं यश पाहून अनेकांनी वायनऱ्या काढल्या. त्या काळात वाईन द्राक्षाला मिळणारा भाव ऐकून नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर भागांतल्या शेतकऱ्यांनी खाण्याच्या बागा काढून वाईनच्या जाती लावल्या. कुणी पक्का करार केला, कुणी नुसत्या शब्दावर.

धंदा बसला कसा

२००७-०८ च्या दरम्यान कंपनीने ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधले वाईन व्यवसाय विकत घेतले. पैसा मोठ्या प्रमाणावर कर्जाचा. त्याच वर्षी जगभर मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला आणि पर्यटन व मोठ्या हॉटेलांचा धंदा कोसळला. भारतात चांगल्या वाईनचा मोठा ग्राहक तिथेच होता. विक्री थांबली, टाक्या भरलेल्या राहिल्या, हप्ते मात्र थांबले नाहीत.

२००९ पासून देणेकऱ्यांचे दावे सुरू झाले. द्राक्ष पुरवणाऱ्या शेतकऱ्यांची बिलं आणि कामगारांचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

इथे नीट पाहिलं तर दिसेल की बाग फसली नव्हती. उतार योग्य होता, जाती रुळल्या होत्या, वाईनला नाव मिळालं होतं. फसला तो पैशाचा हिशोब. कुटुंबाच्या धंद्यात निर्णय पटकन होतात, ही त्याची ताकद. पण घराबाहेरचं कुणी "थांबा, एवढं कर्ज नको" म्हणायला नसेल तर तीच ताकद अंगावर येऊ शकते.

शेतकऱ्याची रांग सगळ्यात मागे

कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून देणी भागवतात. पण सगळ्यांना सारखं मिळत नाही. कायद्याने आधी तारण घेतलेल्या बँका आणि कामगार, मग सरकारी देणी आणि नंतर बिनतारणी देणेकरी. उधारीवर द्राक्ष दिलेला शेतकरी या शेवटच्या रांगेत असतो. बहुतेक वेळा तिथपर्यंत पैसा पोचतच नाही.

ऊस उत्पादकाला हा फरक चटकन कळेल. उसाला एफआरपी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवलं तर साखर आयुक्त महसुली वसुलीची कारवाई करू शकतात. अंमलबजावणीत कुरबुरी असतील, पण कायदा पाठीशी आहे. वाईन द्राक्षाला असा हमी दर नाही, पैसे देण्याची कायदेशीर मुदत नाही, आयुक्तही नाही. शेतकऱ्याच्या हातात फक्त त्याचा करार आणि मालाच्या पावत्या.

२०१६ चा दिवाळखोरी कायदा आल्यावर माल पुरवणाऱ्यालाही दाद मागता येते. पण २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते. एकट्या छोट्या शेतकऱ्याची रक्कम तिथपर्यंत जाणं अवघड.

त्या मंदीच्या वर्षांत केवळ एका कंपनीचा प्रश्न नव्हता. अनेक छोट्या वायनऱ्यांनी खरेदी कमी केली किंवा बंद केली. कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा तोडल्या, काहींनी त्याच खुंटावर खाण्याच्या जातींचं कलम बांधलं. ज्यांनी कर्ज काढून लावणी केली होती त्यांचं कर्ज तसंच राहिलं.

इतर कुटुंबांनी काय केलं

सगळ्याच घरगुती वायनऱ्या बुडाल्या असं नाही. कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये बाग लावली. पुढे मुलगा आणि नातू धंद्यात आले. २०१२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या व्हॅले द व्हिन या कंपनीशी एकत्र येऊन ग्रोव्हर झांपा झाली. नाशिकला गंगापूर धरणाजवळची यॉर्क वायनरी गुरनानी कुटुंबाने उभी केली आणि २०२१ मध्ये सुलाने ती घेतली. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळची फ्राटेली ही तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली. 'फ्राटेली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. त्यात अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशी भावंडं आहेत.

यातून दिसतं की एकट्या घराच्या बळावर हा धंदा पुढे नेणं कठीण. कुणी भागीदार घेतले, कुणी विलीन झालं, कुणी विकून मोकळं झालं. प्रत्येक राज्याचे कर आणि नियम वेगळे, त्यामुळे महाराष्ट्रातली वाईन दुसऱ्या राज्यात विकणं म्हणजे छोटी निर्यातच. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विक्रीला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय मागे पडला. वाईन हे शेवटी मद्य आहे. त्यामुळे तिची विक्री सरकारी निर्णयावर आणि समाजाच्या मतावर कायम अवलंबून राहणार, हे धरूनच चालावं लागतं.

लावण्याआधी काय बघावं

वेल लावल्यावर पहिलं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात आणि बाग पंधरा वर्षं तरी टिकते. म्हणजे आजचा एक निर्णय पंधरा वर्षांचा आहे. त्यामुळे :

१. करार लेखी हवा. किती वर्षांचा, कोणती जात, किती ब्रिक्सला काय दर, जास्त उत्पादन निघालं तर घेणार की नाही, हे सगळं मराठीत लिहून घ्यावं. इंग्रजी करारावर न वाचता सही करू नये.

२. पैसे किती दिवसांत मिळणार ते कलम पाहावं. उशीर झाला तर व्याज लिहून घ्यावं. आगाऊ रक्कम किंवा हप्त्याने पैसे मागावेत. मागच्या हंगामाची बाकी असेल तर नवा माल देऊ नये.

३. ब्रिक्स आणि वजन समोर मोजावं. दोन्हीची सही-शिक्क्याची पावती घ्यावी. पुढे दावा करायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.

४. वायनरीची चौकशी करावी. जुन्या पुरवठादारांना भेटावं, बिलं वेळेवर मिळतात का विचारावं. कंपनी असेल तर तिच्यावर बँकेचं किती कर्ज तारणात नोंदलंय, हे सीएच्या मदतीने सरकारी पोर्टलवर बघता येतं.

५. सगळी जमीन गुंतवू नये. हलक्या उताराचा एक तुकडा वाईनला आणि बाकी नेहमीच्या पिकाला ठेवावा.

६. खुंट विचारपूर्वक निवडावा. उद्या वाईनची जात काढून खाण्याची जात कलम करायची वेळ आली तर तो खुंट चालेल का, हे आधीच विचारून घ्यावं.

७. एकट्याने जाऊ नये. गावातल्या आठ-दहा जणांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून करार केला तर बोलणीत वजन येतं आणि थकबाकी मागतानाही आवाज एक राहतो.

८. घरची वायनरी काढायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परवान्याशिवाय वाईन करून विकणं गुन्हा आहे.

माहिती कुठे मिळेल

जाती, खुंट, छाटणी आणि फवारणीबाबत पुण्याजवळ मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आणि महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ यांच्याकडे विचारणा करता येते. अनुदान आणि योजनांसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावं.

नारायणगावच्या उतारावर एका कुटुंबाने दाखवून दिलं की सह्याद्रीच्या मुरमाड रानातही जगात विकली जाईल अशी वाईन होऊ शकते. त्याच कुटुंबाच्या कंपनीने हेही दाखवलं की बाटली कितीही नावाजलेली असली तरी द्राक्षाचे पैसे हातात पडेपर्यंत बागायतदाराचा हंगाम संपत नाही. म्हणून वाईनची रोपं आणायला जाण्याआधी करार हातात असावा, आणि तो घरातल्या चार माणसांनी वाचलेला असावा.